अखेर 'संगीत सौभद्र' पाहिलं

'सौभद्र'मधली बरीचशी पदं मला लहानपणापासून पाठ होती. नाटक मात्र पाहिलं नव्हतं. बाबांकडे नाट्यपदांच्या चार-पाच कॅसेट होत्या. रविवारी दाढी करताना त्या लागायच्या, आणि फेस लावलेल्या गालांनी बाबा 'राधाधर मधुमिलिंद' म्हणायचे. त्यांनी स्वतः नाटक पाहिलं होतं ते कॉलेजात असताना, एकदाच. "तुला एकदा दाखवायचंय," हे मी किती वर्षं ऐकलं असेल!

तीनदा हुकलं. एकदा माझी परीक्षा होती. एकदा पावसात लोकल बंद पडल्या. तिसऱ्यांदा तर तिकिटं खिशात होती आणि कृष्णाचा आवाज बसला म्हणून प्रयोग रद्द झाला. बाबा दोन दिवस फारसं बोलले नाहीत.

संगीत नाटकाचे प्रयोग आता वारंवार लागत नाहीत, त्यामुळे पेपरातल्या नाटकांच्या जाहिराती नेमाने बघायची सवय लागली होती. पार्ल्याच्या दीनानाथ नाट्यगृहातला प्रयोग दिसला आणि प्लॅन उघडला, म्हणजे तिकीटविक्री सुरू झाली, त्याच सकाळी मी खिडकीवर होते. बाबांच्या गुडघ्यासाठी कडेची खुर्ची हवी होती. तिसऱ्या रांगेत डावीकडे मिळाली.

जाण्याआधी आठवडाभर मी संहिता वाचून काढली. हे जरूर करावं असं मी सांगेन. अण्णासाहेब किर्लोस्करांनी हे नाटक १८८२ साली रंगभूमीवर आणलं. मूळ संहितेत शंभराच्या वर पदं आहेत. आज तीन तासांत बसवायचं तर बरीच गाळावी लागतात. गोष्ट डोक्यात असली की मधली काटछाट जाणवत नाही. बलरामाला सुभद्रा दुर्योधनाला द्यायची आहे, तिचं मन अर्जुनावर, आणि संन्याशाच्या वेषातल्या अर्जुनाला घरात आणायची सगळी खटपट कृष्णाची.

तिसरी घंटा झाली, दिवे गेले. आमच्या जागेवरून ऑर्गनवाल्यांचे पाय दिसत होते, भाता हलवणारे. तबलजींची नजर पूर्ण वेळ नटाच्या तोंडाकडे. एखादं पात्र गद्य बोलत असतानाच ऑर्गन हळूच सूर धरतो, आणि वाक्याचा शेवटचा शब्द कधी गाण्यात गेला ते कळतही नाही. कॅसेटवर पद थेट सुरू होतं. हा उंबरठा मी कधी ऐकलाच नव्हता.

'वद जाऊ कुणाला शरण' मला नेहमी एकटीचं रडणं वाटायचं. पण त्यात 'अगं सखये' आहे! सखी तिथेच उभी होती. सुभद्रेने तिचा हात धरून ते पद म्हटलं, आणि सखीला काय उत्तर द्यावं ते सुचत नव्हतं. माझ्या घशात आवंढा आला.

मध्यंतरात मी विचारलं, "बाबा, दमलात का? निघायचं?"

"वेडी आहेस का? अजून 'नच सुंदरी' व्हायचंय."

ते झालं आणि खरं नाटक मला तिथे भेटलं. कृष्ण गातो, रुक्मिणी रुसलेली. एवढं मला माहीत होतं. पण इतक्या वर्षांत मी फक्त कृष्णाला ऐकलं होतं. रुक्मिणी त्याच्याकडे पाठ करून उभी होती. संपूर्ण पदात तिला एक अक्षर नाही. सुरुवातीला खांदे ताठ. 'रागाने तव तनु ही' आलं तेव्हा पदराचं टोक मुठीत घट्ट. मग एका लांब तानेनंतर मान जराशी, अगदी जराशी, वळली. टाळ्या पडल्या त्या तानेला, पण मी टाळी वाजवली ती त्या मानेला.

मागून "वन्स मोअर!" आला. कृष्णाने हात जोडले, रुक्मिणी पुन्हा पाठमोरी झाली. या वेळी ती एक ओळ आधीच वळली. कृष्णही हसला आणि त्याने ती ओळ तिच्याकडे बघत पुन्हा घेतली. हे आधी ठरलेलं असेल असं मला वाटत नाही.

रात्री घरी पोचायला साडेबारा झाले. बाबा कपडे न बदलताच खुर्चीत बसले आणि मोबाइलवर 'नच सुंदरी' लावायला सांगितलं. डोळे मिटून ऐकत होते. मध्येच बोट वर करून म्हणाले, "आता वळली बघ."