दोन पार्किंग
रविवार, 22 फेब्रुवारी. रात्री सव्वाअकरा.

झोप येत नाहीये. कारण इतकं फडतूस आहे की हिला सांगितलं तर ती कूस बदलून झोपेल. आजच्या मीटिंगमध्ये मी एका चिठ्ठीवर चार शब्द लिहिले, एवढंच.

"दोन पार्किंग. शक्यतो लागून."

आर्किटेक्टची ती मुलगी गच्चीवर सगळ्यांना चिठ्ठ्या वाटत होती. नवी इमारत उभी राहिल्यावर इथलं राहणं कसं असावं असं वाटतं, मनात येईल ते लिहा, नाव घालू नका. नाव घालू नका म्हणे! तीस वर्षं एकमेकांच्या वाणसामानाच्या याद्या वाचलेली माणसं आम्ही. तिने चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या आणि प्रत्येक चिठ्ठीला सगळ्यांच्या माना बरोबर त्या-त्या माणसाकडे वळल्या.

तात्यांची चिठ्ठी पाठपोट. फुटपाथवर चालायला 1.8 मीटर मोकळी जागा हवी, उंची 15 सेंटिमीटरच्या वर नको, असा नियम आहे. आपल्या दारासमोरचा मी टेपने मोजला, अकरा इंच उंच भरतो. पुणे महापालिकेचं पादचारी धोरण 2016 सालचं आहे, ते बिल्डरला दाखवा. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींना स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट हवी. कुणाला तरी गच्चीवर शेड. बाकी सगळं पार्किंग, पार्किंग, पार्किंग. माझी चिठ्ठी त्या गर्दीत खपूनही गेली असती.

पण तिच्या लगेच नंतर आईची निघाली. "मंडईत जाताना बाजीराव रोडच्या अलीकडे टेकायला एखादं बाकडं."

सगळे हसले. प्रेमानेच. मुलगी म्हणाली, "आजी, ते आपल्या हद्दीत नाही हो." मीही हसलो. आईने माझ्याकडे बघितलं नाही, हे मला आत्ता रात्री आठवतंय. तेव्हा लक्षात आलं नव्हतं.

मी लिहिलं ते चूक होतं का? रात्री नऊला हिंजवडीहून येतो तेव्हा मोदी गणपतीपासून मुंजाबाच्या बोळापर्यंत तीन-तीन चकरा मारतो, ते कोण बघतं? सम तारखेला या कडेला, विषमला त्या कडेला. एकदा गाडी उचलून नेली तेव्हा भर पावसात सोडवायला गेलो होतो. पायी चालण्याचं कौतुक ज्यांची कामं दहा मिनिटांच्या आत असतात त्यांनी करावं. मी काय हिंजवडीला चालत जाऊ? घरात सगळ्यांनी मागावं, आणि मी मागितलं की...

पण मागितलं काय, तर दोन पार्किंग. गाडी एक. स्कूटर जिन्याखाली मावते.

आई आता मंडईत जात नाही. गुडघे, असं आम्ही सगळ्यांना सांगतो. गुडघे तर दहा वर्षांपासून तसेच आहेत. ती जायची तेव्हा निम्म्या वाटेत एका वाड्याच्या ओट्यावर टेकायची. पिशवी बाजूला, पदराने वारा, आतून कुणीतरी पाणी आणून द्यायचं, मग पुढे. वाडा पाडला. तिथल्या नव्या इमारतीला खाली नुसते खांब आणि गाड्या, पुढे साखळी. गाडी चढवायला फुटपाथ तोडून उतार केलाय, त्यावरून तिचा पाय एकदा घसरला. ओटे गेले आणि त्या जागी आली ती पार्किंगं, हे मला माहीत नव्हतं असं नाही. मीच तर तिला सांगितलं होतं, रिक्षाने जात जा. तेवढ्याला कुठला रिक्षावाला येतो!

आणि 2024 च्या सप्टेंबरपासून स्वारगेटची माणसं मेट्रोने एका स्टेशनात मंडईला पोहोचतात. जमिनीखालून. नारायण पेठेतल्या बाईला मात्र हातभर रस्ता ओलांडायला दम लागतो. बाबा असते तर त्यांनी एव्हाना पेपरात पत्र... जाऊ दे.

ओट्यावर मीही बसलोय. तरी माझ्या हातून लिहिलं गेलं ते हेच. लिहिताना एक क्षणही थांबलो नाही.

फार शहाणपणाही नको. 11 डिसेंबर 2021, पहिला पादचारी दिन. लक्ष्मी रोड गाड्यांना बंद. कुंटे चौकात, रस्त्याच्या अगदी मध्ये, दोन्ही हात पसरून फोटो काढला होता मी. आईला म्हणालो होतो, "बघ, असं रोज झालं पाहिजे." रस्ता खुला झाल्यावर पहिला हॉर्न माझाच असेल, कारण हिला डेक्कनला सोडायचं होतं. आणि 2018 मध्ये रस्त्यावर गाडी लावायला पैसे घ्यायचं धोरण मंजूर झालं तेव्हा कट्ट्यावर सगळ्यात तावातावाने कोण भांडत होतं? ते धोरण कागदावरच राहिलं. मला आनंद झाला होता. पेढे तेवढे वाटायचे राहिले.

जेवताना आई एवढंच म्हणाली, "दुसरी गाडी कुणाची रे?"

"पुढेमागे लागेल."

"हं."

वाद घातला असता तर बरं झालं असतं. या "हं"ला काय उत्तर देणार? भाताची ढेकळं फोडत बसलो.

आत्ता उठून फायलीतला प्लॅन बघितला. एका पार्किंगची जागा अडीच मीटर बाय पाच. एवढ्यात आमच्या जुन्या ओट्यासारखे दोन बसतील, वर तुळशीवृंदावन. दुसरं मिळालंच तर रस्त्याच्या कडेचं मागून घेतो आणि तिथे बाकडं टाकतो. बाजीराव रोडच्या अलीकडे नाही, पण निदान परतीच्या वाटेवर. पार्किंगमध्ये बाकडं टाकायला सर्वसाधारण सभेचा ठराव लागतो का, हे तात्यांना विचारायला हवं. लागणारच. आणि विरोधात पहिला हात पहिल्या मजल्याचा वर जाईल, त्यांना तिथे स्कूटर लावायची असणार.

बारा वाजत आले. उद्या तेवीस, म्हणजे विषम. सकाळी आठच्या आत गाडी पलीकडच्या कडेला लावायची आहे.