सरकारी हायस्कूलची आठवी

कर्नाटकात प्राथमिक शाळा बहुतेक ठिकाणी सातवीला संपते आणि हायस्कूल आठवीला सुरू होते. महाराष्ट्रात पाचवीपासून दहावीपर्यंत एकाच हायस्कूलात शिकलेल्या वाचकांना या फरकाचे महत्त्व चटकन जाणवणार नाही. बेळगाव जिल्ह्यात, त्यातही खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातील ज्या सरकारी मराठी हायस्कूलमध्ये मी गणित शिकवतो तिथे, शाळेचे बरेवाईट या एकाच गोष्टीवर ठरते. आठवीच्या वर्गात पहिल्या दिवशी बसलेली मुले आजूबाजूच्या अनेक गावांतून आलेली असतात. कोणाच्या प्राथमिक शाळेत प्रत्येक वर्गाला शिक्षक होता, तर कोणी दोन शिक्षकांच्या शाळेत चार-चार इयत्ता एका खोलीत बसून शिकलेला असतो. काही मुले जंगलातील गवळीवाड्यांवरून येतात आणि पावसाळ्यात ओढ्याला पाणी आले की दोन-दोन दिवस घरीच अडकतात. या सगळ्यांना एका पातळीवर आणण्यासाठी आमच्या हाती तीनच वर्षे असतात, आणि त्यांतले पहिले वर्ष सर्वांत मोलाचे असते.

दहावीचा निकाल लागला की गावाच्या वेशीवर पहिल्या तीन क्रमांकांच्या मुलांचे फलक झळकतात, ग्रामपंचायतीत सत्कार होतात, आणि ते व्हायलाच हवेत. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातील दहावीच्या बोर्ड परीक्षेला, एकूण ६२५ गुण असतात, त्यांतील १२५ पहिल्या भाषेचे आणि उरलेल्या पाच विषयांचे प्रत्येकी १००. आमच्या मुलांना मराठी, इंग्रजी आणि कन्नड अशा तीन भाषांचे पेपर द्यावे लागतात. घरात मराठीखेरीज दुसरी भाषा कानावर न पडलेले मूल या परीक्षेत नव्वद टक्क्यांच्या घरात जाते तेव्हा त्याच्या नावाचा फलक लागलाच पाहिजे. माझे म्हणणे निराळे आहे. ते यश ज्या वर्षात घडते त्या आठवीच्या वर्षाकडे गावाचे, पालकांचे आणि शाळा सुधारणा कमिट्यांचे फारसे लक्ष जात नाही, आणि त्याच वर्षी मिळवलेली मोठी यशे कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

त्यांतले सर्वांत मोठे यश म्हणजे एनएमएमएस. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारने २००८ मध्ये ही शिष्यवृत्ती सुरू केली. सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील आठवीची मुले तिच्या परीक्षेला बसू शकतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांच्या आत असावे लागते आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असावे लागतात. देशभरात दर वर्षी एक लाख नव्या शिष्यवृत्त्या दिल्या जातात. निवड झालेल्या मुलाला नववीपासून बारावीपर्यंत, म्हणजे आमच्याकडे दुसऱ्या पीयूसीपर्यंत, वर्षाला १२,००० रुपये मिळतात. चार वर्षांचे ४८,००० रुपये. शहरातील एखाद्या खासगी शिकवणीच्या फीपुढे ही रक्कम किरकोळ वाटेल. पण ज्या घरातील मुलगी दहावीनंतर काजूच्या कारखान्यात जाणार की खानापूरला कॉलेजला जाणार याचा निर्णय जून महिन्यातील चार-पाच हजार रुपयांवर अडलेला असतो, त्या घरात हे पैसे निकाल फिरवतात. दहावीचे गुण मूल हुशार आहे हे सांगतात. एनएमएमएसची निवड त्या मुलाला शाळेत टिकवून धरते. म्हणूनच माझ्या मते सरकारी हायस्कूलच्या यशांत हिचा मान पहिला आहे.

या परीक्षेत दोन पेपर असतात, बौद्धिक क्षमता चाचणी आणि शालेय क्षमता चाचणी. प्रत्येकी ९० प्रश्न आणि ९० मिनिटे. शालेय क्षमता चाचणीत विज्ञानाचे ३५, समाजविज्ञानाचे ३५ आणि गणिताचे २० प्रश्न येतात. पाठांतराने शालेय चाचणीत थोडेफार निभावते, बौद्धिक चाचणीत मात्र ते उपयोगी पडत नाही. संख्यामालिका, आकृत्यांची आरशातील प्रतिमा, सांकेतिक भाषा, घड्याळाच्या काट्यांमधील कोन, असले प्रश्न आमच्या बहुतेक मुलांनी सातवीपर्यंत पाहिलेलेच नसतात. परीक्षा साधारण डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास होते, म्हणजे हायस्कूलात पाऊल टाकल्यापासून अवघ्या सहा-सात महिन्यांत. त्यात पहिले दोन महिने पावसाचे आणि रोप लावणीचे, तेव्हा वर्गातील बाके निम्मी रिकामी. दसऱ्याच्या सुट्टीनंतर खरा अभ्यास सुरू होतो आणि तो शाळा सुटल्यानंतरच करावा लागतो.

एका संध्याकाळी फळ्यावर २, ६, १२, २०, ३० ही मालिका लिहून पुढची संख्या विचारली होती. बहुतेकांनी शेजारच्या संख्यांमधील फरक काढले, ४, ६, ८, १०, आणि पुढचा फरक १२ म्हणून उत्तर ४२ दिले. मागच्या बाकावरील एका मुलीनेही ४२ च सांगितले, पण तिच्या वहीत फरक लिहिलेले नव्हते. तिथे १ गुणिले २, २ गुणिले ३, ३ गुणिले ४ अशी ओळ होती, आणि शेवटी ६ गुणिले ७. मग मी तिला याच मालिकेतील विसावी संख्या विचारली. बाकीचे फरकांची बेरीज करत बसले असताना तिने २० गुणिले २१ म्हणजे ४२० असे लगेच सांगितले. ही मुलगी दोन शिक्षकांच्या शाळेतून आलेली होती आणि पहिल्या घटक चाचणीत तिला गणितात जेमतेम गुण होते. आठवीचे वर्ष आम्ही केवळ वर्गपाठ आणि गृहपाठात घालवले असते तर ही मुलगी आमच्या नजरेस आलीच नसती.

अभ्यासाइतकाच अडथळा कागदपत्रांचा असतो. उत्पन्नाचा दाखला नाड कचेरीतून, म्हणजे भागातील महसूल कार्यालयातून, काढावा लागतो, आधार कार्डावरील, बँकेच्या पासबुकावरील आणि शाळेच्या दाखल्यावरील नाव अक्षरशः जुळावे लागते, आणि एका अक्षराच्या फरकासाठी पालकांचा एक दिवसाचा रोज बुडतो. हे काम कोणाच्याही अहवालात दिसत नाही, आमचे मुख्याध्यापक मात्र ते स्वतः बसून करतात.

आता मैदानाविषयी. आमच्या भागातील मुलींची खो-खोतील तयारी हा माझ्या मनापासून अभिमानाचा विषय आहे. मैदान जांभ्या मातीचे, पाऊस सप्टेंबरपर्यंत हटत नाही, आणि तालुकास्तरीय स्पर्धा नेमक्या त्याच सुमारास असतात. त्यामुळे मुली लांब पडवीत बसून खो देण्याचा सराव करतात आणि पाऊस उघडला की चिखलातच पळतात. आठवीत आलेल्या मुलींना आधी बसायला शिकवतात. चौकात एकीआड एक विरुद्ध दिशेला तोंड करून बसायचे, खो मिळण्याआधी उठायचे नाही, उठल्यावर मधली पाटी ओलांडायची नाही आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत मागे वळायचे नाही. पळतीत एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेकीच्या मधून नागमोडी पळणे, जमायलाच काही महिने जातात. हूल देऊन पाठलाग करणारीला उलट्या दिशेला पाडणे हे त्यानंतरचे. दहावीच्या मुली सुटीच्या तासाला आठवीच्या मुलींना हे शिकवतात, आणि एका वर्षी संघातील सहा-सात मुली शाळा सोडून गेल्या तरी पुढच्या वर्षी संघ उभा राहतो तो या शिकवणीमुळे.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली आणि भारताचे महिला व पुरुष दोन्ही संघ विजेते ठरले. तेव्हा मुलींनी ते सामने फोनवर पुन्हा पुन्हा पाहिले. चटईवरचा खेळ वेगळा असतो, पण साखळी तीच आणि हूलही तीच, हे त्यांना ओळखू आले. आमच्यासारख्या शाळेच्या संघाला तालुका, मग जिल्हा, मग बेळगाव विभाग अशी चढण असते. विभागात बेळगावबरोबर धारवाड, गदग, हावेरी, बागलकोट, विजापूर आणि उत्तर कन्नड (कारवार) जिल्ह्यांतील संघ येतात, त्यांच्यात क्रीडा वसतिगृहात वर्षभर सराव केलेल्या मुली असतात. तिथे हरून परत आलेल्या संघालाही मी यशस्वीच म्हणतो.

११ जून २०२३ पासून राज्यात शक्ती योजना सुरू झाली आणि मुलींचा बसप्रवास मोफत झाला. तिचा परिणाम आम्हाला मैदानावर दिसला. पूर्वी पासाच्या वेळा सांभाळायच्या असल्यामुळे घाईने निघणाऱ्या मुली आता सरावाला थांबतात. शेवटची बस मात्र तीच आहे, आणि ती चुकली तर मुलीला घरी पोहोचवण्याची जबाबदारी आमची असते.

प्रतिभा कारंजी ही शाळांतील मुलांसाठी राज्यभर चालणारी कलागुणांची स्पर्धा आहे. तिच्यात भाषण, चर्चा, लोकगीत, लोकनृत्य, मिमिक्री, रांगोळी असे कितीतरी प्रकार असतात. आमची मुले मराठी भाषणात आणि लोकगीतात चांगली चमकतात. मला अधिक समाधान मिळते ते आमच्या मुलांना कन्नडमधून बोलताना पाहून. आठवीत कन्नड तासाला मान खाली घालून बसणारा एखादा मुलगा नववीत तालुक्याच्या मंचावर कन्नड चर्चेत उभा राहतो, अडखळतो, एक वाक्य पुन्हा म्हणतो आणि पुढे जातो. सीमाभागात भाषेवरून मोठ्यांची मते काहीही असोत, या मुलाला उद्या पीयूसीत, कचेरीत, नोकरीत तिन्ही भाषा लागणार आहेत, आणि मराठीवर पाय घट्ट रोवलेल्या मुलाला बाकीच्या दोन लवकर येतात, असा माझा वर्गातील अनुभव आहे.

इन्स्पायर मानक या योजनेत प्रत्येक शाळेला मुलांच्या नव्या कल्पना पाठवता येतात. निवड झाल्यास प्रतिकृती करण्यासाठी मुलाच्या खात्यात १०,००० रुपये जमा होतात आणि पुढे जिल्हा प्रदर्शन असते. सुरुवातीला मुले पुस्तकांतील नेहमीचे प्रयोग उचलतात, ज्वालामुखी आणि पवनचक्की. त्यांना तुमच्या घरी कोणते काम त्रासाचे आहे असे विचारले की खऱ्या कल्पना येतात. आठवीतील एका मुलाने काजूची बी बोंडापासून वेगळी करण्यासाठी लाकडी चौकटीत नायलॉनचा दोरा ताणून बसवला. बोंड त्यावर दाबून ओढले की बी स्वच्छ सुटून खालच्या डब्यात पडते. हाताने पिळून बी काढताना बोटांना लागणारा चीक त्यामुळे लागत नाही. त्याच्या आईच्या हातांची साले दर उन्हाळ्यात निघतात, असे त्याने अर्जात लिहिले होते. त्याची निवड झाली नाही. चौकट त्याच्या घरी वापरात आहे, आणि वाडीतील दोघांनी तशीच बनवून घेतली.

आता पुन्हा दहावीकडे. २०२३ मध्ये राज्याचा एसएसएलसी निकाल ८३.८९ टक्के होता. २०२४ मध्ये परीक्षा केंद्रांतील खोल्यांचे थेट चित्रण सुरू झाले आणि वाढीव सवलतीचे गुण देऊनही तो ७३.४० टक्क्यांवर आला. त्याच वर्षी एका वर्षात तीन परीक्षांची सोय झाली, ती मला योग्य वाटली, कारण एका पेपरात राहिलेल्या मुलाचे वर्ष वाचते. परंतु दहावीच्या जानेवारीत जादा तास घेऊन, पूर्वतयारी परीक्षांवर परीक्षा घेऊन जे भरून काढता येते त्याला मर्यादा आहे, हे त्या घसरणीने दाखवून दिले. अपूर्णांक आणि ऋण संख्या आठवीच्या पहिल्या सत्रात पक्क्या झाल्या नाहीत तर दहावीत वर्गसमीकरण शिकवणे शिक्षकालाही जड जाते आणि मुलालाही. असे असूनही अनेक ठिकाणी अनुभवी शिक्षक दहावीला आणि नव्याने आलेले अतिथी शिक्षक आठवीला, अशी वाटणी होते. ती उलट व्हावी, निदान गणित आणि इंग्रजीच्या बाबतीत तरी, असे माझे स्पष्ट मत आहे.

शाळा सुधारणा कमिटीच्या येत्या बैठकीत मी दोन गोष्टी मांडणार आहे. वार्षिक स्नेहसंमेलनात दहावीच्या गुणवंतांबरोबर एनएमएमएसला निवड झालेल्या आणि त्या परीक्षेला बसलेल्या सर्व मुलांना मंचावर बोलवावे, आणि त्यांच्या पालकांनाही. दुसरी गोष्ट शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची आहे. निवड झाली म्हणजे काम संपले असे घरच्यांना वाटते, परंतु राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर दर वर्षी अर्ज नव्याने भरावा लागतो, आणि पीयूसीला ती चालू राहण्यासाठी दहावीत किमान ६० टक्के गुण लागतात, अनुसूचित जाती-जमातींना ५५. मूल दहावीनंतर दुसऱ्या कॉलेजात गेले की तिथे ही आठवण करून देणारे कोणी नसते, आणि नेमक्या गरजेच्या दोन वर्षांचे पैसे बुडतात. बेंगळुरू, पुणे, गोव्यात नोकरीला असलेले आमचे अनेक माजी विद्यार्थी शाळेसाठी काय करावे असे विचारतात आणि बहुधा वह्या किंवा खुर्च्या देतात. त्यांच्यापैकी प्रत्येकाने शिष्यवृत्ती मिळालेल्या एकेका मुलाचे पालकत्व चार वर्षे घ्यावे, अर्जाची मुदत सुरू झाली की त्याला फोन करावा आणि अर्ज कॉलेजकडून पडताळला गेला की नाही हे पोर्टलवर पाहावे. अशा मुलांची आणि त्यांच्या सध्याच्या कॉलेजांची यादी आम्ही शाळेत तयार करत आहोत. ज्यांना हे काम घ्यायचे आहे त्यांनी जून उजाडण्याआधी मुख्याध्यापकांना भेटावे.