पाकीट कोणाकडे आहे?

आमच्या सासरची वडीलधारी मंडळी फोनवर आधी हवामान विचारतात आणि मग विचारतात, "पाकीट सध्या कोणाकडे आहे?" एका हिवाळ्यात जवळजवळ चार महिने या प्रश्नाचं खरं उत्तर 'माझ्याकडे' असं होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. पण ते पुढे येईलच.

सासर म्हणजे अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा ईशान्य कोपरा, डेकोरा गावाजवळचं मक्याचं आणि सोयाबीनचं शेत. माणसं मूळची नॉर्वेची. 1825 साली स्टाव्हांगर बंदरातून 52 माणसांना घेऊन 'रेस्टॉरेशन' नावाची छोटीशी नौका न्यूयॉर्कला निघाली, तिथून नॉर्वेजियन लोकांच्या अमेरिकेतल्या येण्याचा हिशेब धरतात. आमची मंडळी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी, जमिनीच्या ओढीने आली. घर ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्युथरला मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाचं. माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे कपाटात कापडात गुंडाळलेला कुलवृत्तांत होता, ज्यात मुलीचं लग्न झालं की सासरचं नाव लिहून तिची रेघ तिथेच थांबायची. त्यामुळे सासरचा गोतावळा सांभाळायचं काम एक दिवस माझ्याच गळ्यात पडेल, असं लग्नाच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर मला हसू आलं असतं.

पाकीट म्हणजे एक मोठा खाकी लिफाफा. सासरे धरून नऊ भावंडं. आजेसासूबाईंनी हा प्रकार सुरू केला. इंग्रजीत याला 'राउंड रॉबिन' म्हणतात, आमच्या घरात नुसतं 'पाकीट'. पाकीट आलं की आत असलेली सगळ्यांची पत्रं वाचायची, त्यातलं आपलं मागच्या फेरीचं पत्र काढून घ्यायचं, नवं लिहून घालायचं आणि पुढच्याला धाडायचं. क्रम वयाचा, पत्ता कुठलाही असो. म्हणून ते ॲरिझोनातल्या टूसॉनहून नॉर्थ डकोटातल्या फार्गोला जातं, फार्गोहून डेकोराला येतं, इथून वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेनला आणि तिथून परत मिनेसोटात. पोस्टाच्या दृष्टीने शुद्ध वेडेपणा. एक फेरी पुरी व्हायला सहा-सात महिने लागतात. कोणी गेलं तर त्या जागी त्याची बायको किंवा थोरलं मूल लिहितं.

सासूबाईंच्या डोळ्यांच्या पडद्याचा आजार बळावला तेव्हा त्यांना पाकीट वाचून दाखवायला मी बसू लागले. मग त्या सांगतील ते लिहून घेऊ लागले, आणि एके दिवशी त्या म्हणाल्या, "आता तूच लिही." नवऱ्याचा प्रश्नच नव्हता. त्याच्या मते पत्र लिहिणं हे आईचं काम, आणि आई दमली की बायकोचं.

माझं पहिलं पत्र सहा पानांचं झालं. 'पत्रास कारण की' या वळणावर वाढलेली मी, इथल्या बर्फाचं वर्णन केलं, आईची आठवण काढली, एके ठिकाणी चक्क रडले. फेरी पूर्ण होऊन आली तेव्हा फार्गोच्या काकांनी लिहिलं होतं, "पत्र मिळालं. बरंच मोठं होतं." एवढंच. हा शेरा होता की कौतुक, हे कळायला मला दोन फेऱ्या लागल्या.

हळूहळू पद्धत कळली. आधी हवामान. मग पीक किंवा बाग. मग तब्येत, मग चर्चमध्ये कोणाचा बाप्तिस्मा, कोणाची कन्फर्मेशन (मोठ्या झालेल्या मुलाने चर्चमध्ये आपली श्रद्धा जाहीर करायचा विधी), कोणाची मयत. मुलांचं शेवटी, आणि तेही अगदी हात राखून. 'फार वाईट नाही' म्हणजे उत्तम चाललंय. 'थोडं बरं नव्हतं' म्हणजे माणूस अतिदक्षता विभागातून परत आलंय. स्पोकेनच्या काकांनी एकदा 'ट्रॅक्टरची जरा कटकट झाली' असं लिहिलं होतं, त्यात त्यांची दोन बोटं गेली होती. सासूबाईंना हे सगळं ऐकू यायचं. मी वाचता वाचता त्या हात वर करून थांबवायच्या आणि म्हणायच्या, "हिने या वेळी बागेबद्दल काहीच लिहिलं नाही. फोन लाव."

बातमी सांगण्याची ही चाल जुनी आहे. नॉर्वेत 'अमेरिका-पत्रं' यायची, तेव्हा ती एका घरात राहायची नाहीत, अख्खी पंचक्रोशी ती वाचायची, नकला करून पुढे द्यायची. डेकोरातून 'डेकोरा-पोस्टेन' हे नॉर्वेजियन वर्तमानपत्र 1874 पासून थेट 1972 पर्यंत निघत होतं. मधे एक वाईट वर्ष गेलं. पहिल्या महायुद्धाच्या काळात, मे 1918 मध्ये आयोवाचे गव्हर्नर विल्यम हार्डिंग यांनी फर्मान काढलं, की शाळेत, रेल्वेत, सार्वजनिक ठिकाणी, चर्चमधल्या उपासनेत आणि टेलिफोनवरसुद्धा फक्त इंग्रजीच बोलायचं. रोख जर्मनांवर होता, पण नॉर्वेजियन, डॅनिश, चेक सगळेच त्यात भरडले गेले. त्या वेळी एका तारेवर सात-आठ घरांचे फोन असायचे आणि कोण ऐकतंय ते कळायचं नाही. सासूबाई सांगायच्या, की त्यांच्या आजीने त्या उन्हाळ्यात बहिणीला फोन करणंच सोडलं. बहिणीशी इंग्रजीत काय बोलणार?

लिहायचं काम अंगावर आल्यावर मी पहिल्यांदा पत्त्यांची वही केली. चौसष्ट घरं भरली. तिथे माझी मराठी कामाला आली. यांच्याकडे आत्या, मावशी, काकू, मामी या चौघींना एकच शब्द, त्यामुळे 'आंटीला बरं नाही' म्हटल्यावर कोणाला फोन करायचा हे कळायला आधी पाच मिनिटं चौकशी. मी वहीत सरळ देवनागरीत आत्या, चुलत आत्या, मामेसासरे असं लिहून ठेवलं. आता नातं नक्की काय ते विचारायला माझी नणंदसुद्धा मलाच फोन करते.

मागच्या पिढ्यांचं मात्र भयंकर होतं. थोरल्या मुलाला आजोबांचं नाव द्यायची रीत, त्यामुळे दर दुसऱ्या पिढीला तोच माणूस पुन्हा जन्मल्यासारखा. वर आडनाव म्हणजे बापाचं नाव आणि राहतो त्या शेताचं नाव. शेत बदललं की आडनाव बदललं. कायमचं आडनाव घ्यायचा कायदा नॉर्वेत 1923 मध्ये आला, तोवर आमचे लोक इथे येऊन कित्येक वर्षं झाली होती. एकाच खोऱ्यातल्या एकाच नावाच्या दोन माणसांत आमचा कोणता, यावर भावंडांत जुना वाद होता. नॉर्वेच्या सरकारी दप्तरखान्याने पाद्र्यांच्या जुन्या वह्या संगणकावर फुकट पाहायला ठेवल्या आहेत. मी तीन आठवडे रात्री ते मोडीसारखं जोडाक्षर लागलेलं हस्ताक्षर लावत बसले. बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांबरोबर साक्षीला उभ्या राहिलेल्यांची नावं असतात, आणि ते बहुतेक नात्यातले असतात. एका नोंदीत आमच्या ओळखीच्या तीन काकवा निघाल्या. वाद मिटला. फार्गोच्या काकांनी लिहिलं, "बरं झालं." या दोन शब्दांचा अर्थ तोवर मला लागायला लागला होता.

खरी कसोटी होती ती काय लिहायचं आणि काय नाही याची. ल्युथरने 1529 मध्ये 'लघु प्रश्नोत्तरी' लिहिली. ती इथल्या मुलांकडून कन्फर्मेशनआधी पाठ करून घेतात. दर आज्ञेनंतर प्रश्न येतो, 'याचा अर्थ काय?' आठवी आज्ञा, शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. तिच्या अर्थात असं येतं, की शेजाऱ्याची निंदा करायची नाही, त्याची बाजू घ्यायची, त्याच्याबद्दल चांगलं बोलायचं आणि त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावायचा. सासूबाई हे पत्रात अक्षरशः पाळायच्या. एका भाच्याला दारू पिऊन गाडी चालवताना पकडलं, परवाना गेला. मी म्हटलं, हे गाळूया. त्या म्हणाल्या, "गाळलं तर खोटं होईल." त्यांनी सांगितलेलं वाक्य असं होतं, "त्याला या हिवाळ्यात गाडी चालवता येणार नाही, तेव्हा जवळपासच्यांनी त्याला कामावर सोडावं." तिघांनी सोडलं. का, हे सगळ्यांना माहीत होतं.

चर्चवरून मात्र घरात भेग आहे. बाहेरून ल्युथरन म्हणजे एकच वाटतं. तसं नाही. आमचं मुख्य घर ज्या चर्च-संघटनेत आहे ती 1988 मध्ये तीन ल्युथरन संस्था एकत्र येऊन झाली. एक आत्या लग्नानंतर मिसुरी सिनड या जास्त कर्मठ ल्युथरन शाखेत गेली, ते लोक आपल्या पंथाबाहेरच्यांना सहसा प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत द्यायची भाकर आणि द्राक्षरस, देत नाहीत. आणि 2009 मध्ये आमच्या संघटनेच्या मिनियापोलिसच्या महासभेने समलिंगी जोडीदारासोबत एकनिष्ठ राहणाऱ्यांना पाद्री होण्याची वाट मोकळी केली, तेव्हा देशभरच्या शेकडो स्थानिक मंडळ्या संघटनेतून बाहेर पडल्या. आमच्यातली दोन घरं त्यांच्याबरोबर गेली. पाकिटात त्याचं एकच वाक्य आलं होतं, "आम्ही आता रविवारी दुसऱ्या चर्चला जातो, तिथे पार्किंग सोयीचं आहे." म्हणून कुटुंबाचा मेळावा शनिवारी भरतो, उद्यानात. प्रभुभोजन नाही. फक्त जेवणाआधी नॉर्वेजियनमधली प्रार्थना होते, जी कोणालाही नीट कळत नाही आणि सगळ्यांना पाठ आहे.

मधल्या काळात एका पुतण्याने फेसबुकवर कुटुंबाचा बंद ग्रुप काढला. मी त्याच्या विरोधात नव्हते आणि आजही नाही. बाळ झालं की तासाभरात फोटो येतो. पण आमच्या एका काकांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं, ग्रुपवर चाळीस बदामं पडली आणि दहा दिवस त्यांच्याकडे जेवणाचा डबा घेऊन कोणीही गेलं नाही. प्रत्येकाला वाटलं, कोणीतरी गेलं असेल. पाकिटात ही सोय नाही. ते तुमच्या टेबलावर असतं, तुमचीच वाट बघत, आणि तुम्ही हलला नाहीत तर सगळेच अडतात.

मी तेच केलं. त्या नोव्हेंबरात पाकीट आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून फोन आला, बाबांना दवाखान्यात ठेवलंय. मी पाकीट न फोडता खणात टाकलं, वर करभरण्याचे कागद ठेवले आणि विमान गाठलं. दीड महिन्याने परतले. बाबा वाचले होते, मी पार गळून गेले होते. खण उघडला नाही. मग विसरले. मग आठवलं, तर उशिराची लाज वाटली आणि लाजेपायी आणखी उशीर केला. फोनवर विचारलं की नवरा प्रामाणिकपणे म्हणायचा, "इथे दिसलं नाही बुवा." सासूबाईंनी विचारलं नाही. त्यांना कळलं असावं.

फेब्रुवारीत टूसॉनची आत्या गेली. बातमी ग्रुपवर तासाभरात सगळ्यांना पोचली. त्या रात्री मी पाकीट फोडलं.

तिचं पत्र ऑक्टोबरातलं होतं. टूसॉनला अजून गरम आहे. लिंबाच्या झाडाला या वर्षी कमी लिंबं. चर्चच्या गायनवृंदातून नाव काढून घेतलं, फार वेळ उभं राहवत नाही. आणि तळाशी, "धाकटीला विचारते, आईचं लेफ्सेचं लाटणं शेवटी कोणाकडे गेलं?" लेफ्से म्हणजे बटाट्याची मऊ, पातळ पोळी, नाताळात करतात. तिचं लाटणं खाचांचं असतं. धाकटी आत्या क्रमात आमच्या पुढे. प्रश्न तिच्यापर्यंत पोचलाच नव्हता, कारण तो चार महिने माझ्या खणात होता.

मी सासूबाईंना सगळं वाचून दाखवलं. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हवामानापासून सुरू कर." मी बर्फाचं लिहिलं, मग बाबांचं, मग पाकीट माझ्याकडे पडून राहिलं हे, कारण न सांगता. आधी पानभर कारणं लिहिली होती, ती फाडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टात टाकलं.

तीन आठवड्यांनी धाकट्या आत्याचा फोन आला. तिच्याकडे उणे अकरा होतं, वारा नव्हता. पाकीट मिळालं म्हणाली. मी माफी मागायला लागले, तर म्हणाली, "वडिलांची तब्येत कशी आहे?" लाटण्याबद्दल एक अक्षर नाही.

पाकीट पुन्हा आमच्याकडे आलं ते ऑक्टोबरात. हाताला जड लागलं, वर जादा तिकीट होतं. टूसॉनच्या आत्याचं पत्र आतच होतं. आपलं पत्र आपणच काढायचं हा नियम. तिच्या जागी आता तिची मुलगी लिहिते, तिनेही आईचं काढलं नव्हतं, स्वतःचं शेजारी घातलं होतं. आमच्याकडे सांगलीला मयताचं कार्ड आलं की उंबऱ्याबाहेरच वाचून फाडून टाकायचे, घरात आणायचे नाहीत. मी ते पत्र हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले आणि परत आत सरकवलं.

मग धाकट्या आत्याचं उघडलं. तिने हवामानाने सुरुवात केली नव्हती. पहिली ओळ गेलेल्या बहिणीला होती, "लाटणं माझ्याकडे आहे. तुला माहीत होतं." त्याच्या खाली पाऊस, मका, गुडघा, नेहमीसारखं.

मी माझं जुनं पत्र काढून घेतलं. नवं दोन पानांचं झालं. पाकीट तिसऱ्या दिवशी स्पोकेनला गेलं.