आईला दचकवणारी पिशवी

आज सकाळी वहिनीची डिलिव्हरी झाली. पस्तिसावा आठवडा, ठरवून सिझर. पहिलंही सिझरच, आणि या वेळी वार (बाळाला पोसणारा प्लासेंटा) खालच्या बाजूला, नेमकी त्या जुन्या टाक्यांवर रुतलेली. ती ओढून सोडवायला गेलं की रक्त थांबत नाही, म्हणून बऱ्याचदा बाळापाठोपाठ गर्भपिशवीच काढतात.

डॉक्टर मॅडमनी पाठकोऱ्या कागदावर चित्र काढून दाखवलं. वार थोड्याच भागात रुतलीय, भिंतीचा तेवढा तुकडा वारेसकट कापून पिशवी पुन्हा शिवून बघू. "पण रक्त आवरलं नाही तर हट्ट नाही करणार." संमतीपत्रात 'गरज पडल्यास गर्भाशय काढणे' या ओळीवर दादाचं पेन इतकं रेंगाळलं की शाईचा ठिपका पसरला.

मी रक्तपेढीच्या फेऱ्यांत. मध्येच सिस्टर ओरडली, "पिशवी काढून ठेवा!" आई मटकन खालीच बसली. सिस्टर रक्ताची म्हणत होती हो!

मुलगी, 2 किलो 300. चार पिशव्या रक्त चढलं, वहिनीची पिशवी राहिली. वहिनी अजून आयसीयूत आहे. पुन्हा दिवस राहिले तर वार परत अशीच चिकटू शकते, हेही मॅडमनी सांगून ठेवलंय. ऑफिसातले दोघं रक्त देऊन चहाही न घेता पळाले. उद्या पकडतो त्यांना.