कॉन्फिगर ‘नो’ म्हणतं तेव्हा

टारबॉल (सोर्स कोडचा गठ्ठा) उतरवायचा, उघडायचा, ‘./कॉन्फिगर’, मग ‘मेक’, मग ‘मेक इन्स्टॉल’. डेबियनच्या जुन्या मशीनवर वर्षानुवर्षं बिनतक्रार चाललेला हा क्रम नव्या फेडोरावर, फ्रीबीएसडीवर, अल्पाइनच्या कंटेनरमध्ये किंवा मॅकवर अडखळतो. अडखळला तर निदान कळतं तरी. खरा त्रास देते ती बिल्ड, जी नीट पूर्ण होते आणि तरीही एखादी सोय मधल्यामधे गुपचूप गाळून टाकते. ही पोस्ट मुख्यतः त्या प्रकाराबद्दल आहे.

आधी यंत्रणा थोडक्यात. ‘कॉन्फिगर’ ही स्क्रिप्ट तयार करून देणारं ऑटोकॉन्फ हे साधन १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलं. त्याआधी सी-कोडमध्ये ‘सन असेल तर हे, एचपी-यूएक्स असेल तर ते’ अशा अटींचं जंगल असायचं. ऑटोकॉन्फने सिस्टिमचं नाव विचारणं सोडलं आणि थेट सोयीबद्दल विचारायला सुरुवात केली: हे फंक्शन आहे का, हा हेडर आहे का, या स्ट्रक्टमध्ये हे फील्ड आहे का. आजही हेच धोरण बरोबर आहे. अल्पाइन लिनक्सवरची ‘मसल’ ही सी-लायब्ररी स्वतःची ओळख सांगणारा मॅक्रो मुद्दामच देत नाही, त्यामुळे तिथे नावावरून अटी घालण्याचा मार्गच बंद आहे.

प्रत्येक प्रश्नासाठी कॉन्फिगर ‘कॉन्फटेस्ट.सी’ नावाचा चिमुकला प्रोग्रॅम लिहितं, तो कंपाइल करतं, बहुतेकदा लिंक करतं, क्वचित चालवूनही बघतं. कंपायलर शून्य परत करून संपला तर ‘येस’, नाहीतर ‘नो’. ‘येस’ आलं की ‘कॉन्फिग.एच’मध्ये ‘हॅव्ह_अमुकतमुक’ असा मॅक्रो उमटतो. बस, एवढंच.

मेख इथेच आहे. प्रोग्रॅम कंपाइल का झाला नाही, हे कॉन्फिगर बघत नाही. फंक्शन खरंच नाही, तपासणीच्या कोडमध्येच चूक आहे, डिस्क भरली आहे किंवा कुणीतरी सीफ्लॅग्जमध्ये (कंपायलरला द्यायच्या पर्यायांत) वॉर्निंगची एरर करणारं ‘-डब्ल्यूएरर’ घातलंय, चारही वेळा स्क्रीनवर तोच ‘नो’ दिसतो.

याचा सगळ्यात मोठा फटका मे २०२४मध्ये जीएनयूच्या जीसीसी कंपायलरची आवृत्ती १४ आल्यावर बसला. घोषणा न करता फंक्शन वापरणं सी-९९ प्रमाणातून केव्हाच हद्दपार झालं होतं, पण कंपायलर नुसती वॉर्निंग देऊन सोडून द्यायचे. ॲपलने २०२०मध्ये एक्सकोड १२ पासून ती एरर केली, क्लँग या दुसऱ्या कंपायलरने २०२३मध्ये आवृत्ती १६ पासून, आणि मग जीसीसीने. आता जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधली हातानं लिहिलेली ठरावीक तपासणी आठवा: ‘मेन’च्या आधी ‘इंट’ नाही, वर ‘एसटीडीलिब.एच’ घेतलेला नाही आणि शेवटी ‘एक्झिट(०)’. त्या कोडमध्ये प्रश्न भले ‘एसएनप्रिंटएफ नीट चालतं का’ असा असेल, पण नवा कंपायलर ‘मेन’च्या ओळीवरच थांबतो. उत्तर ‘नो’. मग प्रोजेक्ट स्वतःच्या पोतडीतलं वीस वर्षांपूर्वीचं पर्यायी एसएनप्रिंटएफ जोडतो, बिल्ड हिरवी होते, आणि त्या पर्यायातले जुने बग नव्या मशीनवर जिवंत होतात.

हे पकडण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे दोन बिल्डची तुलना. सोर्सच्या बाहेर दोन रिकाम्या डिरेक्टरी करा. एकीत ‘सीसी=जीसीसी-१३’ देऊन सोर्समधलं कॉन्फिगर चालवा, दुसरीत ‘सीसी=जीसीसी-१४’ देऊन. मग दोन्हीकडच्या ‘कॉन्फिग.एच’वर ‘डिफ -यू’ लावा. त्याच मशीनवर, त्याच लायब्रऱ्यांसह फक्त कंपायलर बदललाय, म्हणजे या दोन फाइलींत जवळजवळ काहीच फरक असायला नको. जी ओळ वेगळी दिसेल, तिचं नाव ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये शोधा. तिथे ‘चेकिंग फॉर’च्या खाली कंपायलरची पूर्ण आज्ञा असते, त्याखाली त्याची तक्रार, आणि ‘फेल्ड प्रोग्रॅम वॉज’ या ओळीनंतर तो प्रोग्रॅम, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला उभी रेघ लावून. तक्रार ज्या गोष्टीबद्दल विचारलं तिच्याबद्दलच असेल, उदाहरणार्थ ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ आणि पुढे त्याच फंक्शनचं नाव, तर ‘नो’ खरा. तक्रार ‘मेन’ किंवा ‘एक्झिट’बद्दल असेल, तर तपासणी सडलेली आहे.

तात्पुरता इलाज: कॉन्फिगरला ‘सीसी="जीसीसी -एसटीडी=जीएनयू८९"’ द्या. जीसीसी १४ पासून सी-भाषेसाठीही ‘-एफपरमिसिव्ह’ चालतं. फ्लॅग कॉन्फिगरच्या वेळी द्यायचा. नुसत्या ‘मेक’ला देऊन काही उपयोग नाही, कारण उत्तरं तोवर ठरलेली असतात. कायमचा इलाज म्हणजे ‘कॉन्फिगर.एसी’मधला (कॉन्फिगर ज्यातून बनतं त्या फाइलीतला) तपासणीचा कोड ‘एसी_लँग_प्रोग्रॅम’ वापरून पुन्हा लिहायचा, लागणारे हेडर त्यात घ्यायचे आणि मग कॉन्फिगर नव्याने बनवणारं ‘ऑटोरीकॉन्फ -एफआय’ चालवायचं. नुसतं ऑटोरीकॉन्फ चालवलं तर फक्त ऑटोकॉन्फचे स्वतःचे मॅक्रो नवे होतात. तुमच्या हातचा कोड जसाच्या तसा उतरतो. अनेक प्रोजेक्ट ऑटोकॉन्फच्या २०१२च्या २.६९ आवृत्तीवर अडकून बसले, कारण पुढची २.७० यायला २०२०चा डिसेंबर उजाडला. त्यांच्याकडे दोन्ही कामं करावी लागतात.

‘-डब्ल्यूएरर’चंही असंच. फंक्शन लायब्ररीत आहे का हे बघताना ऑटोकॉन्फ हेडर घेत नाही, त्या नावाची एक खोटी ‘कॅर’ घोषणा करून फक्त लिंक होतंय का ते बघतं. कंपायलरला ते फंक्शन अंगभूत माहीत असेल तर तो ‘प्रकार जुळत नाहीत’ अशी वॉर्निंग देतो, ‘-डब्ल्यूएरर’ तिची एरर करतं, आणि असलेलं फंक्शन नसल्यात जमा होतं. तो फ्लॅग ‘मेक सीफ्लॅग्ज=...’ असा नंतर द्या.

‘नो’ किती निष्पाप दिसतो याचा उत्तम नमुना एक्सझेड या फाइली आकसवणाऱ्या साधनाच्या प्रकरणात आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ आवृत्त्यांमधलं मागचं दार (बॅकडोअर) उघडकीला आणलं. त्याची सुरुवात करून देणारा बदल टारबॉलमधल्या एका एम४ (ऑटोकॉन्फच्या मॅक्रोंच्या) फाइलीत होता, गिटमध्ये नव्हता. पण मला जास्त शिकवून जातो तो दुसरा, बारका बदल. त्याच प्रोजेक्टच्या सीमेक (दुसरी बिल्ड-यंत्रणा) फाइलीत लँडलॉक सँडबॉक्सची (प्रोग्रॅमला मर्यादेत ठेवणाऱ्या लिनक्सच्या सोयीची) तपासणी होती, आणि तिच्या सी-कोडमध्ये एका ओळीवर एकटाच टिंब टाकलेला होता. त्या टिंबामुळे प्रोग्रॅम कधीच कंपाइल होणार नव्हता, म्हणजे सँडबॉक्स कायम ‘उपलब्ध नाही’. म्हणून जी सोय सुरक्षेसाठी हवीच आहे, ती आपोआप शोधण्यावर सोडू नये. ‘--विथ-अमुक=येस’ असा स्पष्ट पर्याय ठेवा आणि तो दिल्यावर सोय सापडली नाही तर ‘एसी_एमएसजी_एरर’ने कॉन्फिगर थांबवा. पॅकेज बांधणाऱ्यांनी तर नेहमी हाच पर्याय द्यावा.

आता लायब्रऱ्यांचे पत्ते, म्हणजे कुठलं फंक्शन कुठल्या लायब्ररीत असतं ते. ‘डीएलओपन’ जुन्या ग्लिबसीवर (लिनक्सच्या नेहमीच्या सी-लायब्ररीवर) वेगळ्या लिबडीएलमध्ये होतं, ऑगस्ट २०२१च्या २.३४ पासून मुख्य लिबसीत आलं. फ्रीबीएसडीवर ते लिबसीतच मिळतं. ‘क्लॉक_गेटटाइम’ ग्लिबसी २.१७च्या आधी लिबआरटीमध्ये असायचं. ‘बॅकट्रेस’ ग्लिबसीवर लिबसीत, फ्रीबीएसडीवर लिबएक्झेकइन्फोत, मसलवर नाहीच. तिन्ही ठिकाणी एकच ओळ पुरते: ‘एसी_सर्च_लिब्ज([बॅकट्रेस], [एक्झेकइन्फो])’. ती आधी काहीही न जोडता लिंक करून बघते आणि गरज पडली तरच लायब्ररी जोडते. ‘एसी_चेक_लिब’ मात्र थेट त्या नावाची लायब्ररी मागतं, म्हणून फ्रीबीएसडीवर चाललेली ओळ ग्लिबसीवर फसते. लायब्ररीचं नाव ‘लिब्ज’मध्येच ठेवा, ‘एलडीफ्लॅग्ज’मध्ये नको. एलडीफ्लॅग्ज ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात, आणि उबुंटूचा लिंकर ‘--ॲज-नीडेड’ असल्यामुळे तोवर कुणीच न मागितलेली लायब्ररी सोडून देतो.

नाव तेच पण वागणूक वेगळी, अशी फंक्शनं याहून त्रासदायक. ‘स्ट्रएरर_आर’ ग्लिबसीवर ‘_जीएनयू_सोर्स’ लावलं की पॉइंटर परत करतं, मसलवर आणि बीएसडीवर पूर्णांक. ‘क्यूसॉर्ट_आर’च्या आर्ग्युमेंटचा क्रम मॅकवर एक, लिनक्सवर दुसरा; फ्रीबीएसडीने आवृत्ती १४ मध्ये लिनक्सचा क्रम घेतला. अशा वेळी ‘आहे का’ हा प्रश्न अपुरा. योग्य हेडर घेऊन, हव्या त्या प्रकारच्या आर्ग्युमेंटसह कॉल लिहून तो कंपाइल होतो का ते बघायचं. प्रकार जुळला नाही तर एररच यायला हवी, म्हणून तेवढ्या एका तपासणीपुरतं ‘-डब्ल्यूएरर’ लावायचं आणि लगेच काढायचं.

एक चूक तर कॉन्फिगर बरोबर असूनही होते: ‘कॉन्फिग.एच’ सर्वात वर न घेणं. समजा मोठ्या फाइलींसाठी ‘एसी_सिस_लार्जफाइल’ने ‘_फाइल_ऑफसेट_बिट्स’ ६४ केलंय. एका फाइलीत आधी ‘एसटीडीआयओ.एच’ आणि मग ‘कॉन्फिग.एच’ असं झालं, तर त्या फाइलीपुरता मॅक्रो उशिरा पोचतो. ३२ बिटांच्या जुन्या रास्पबेरी पायवर तिथे ‘ऑफ_टी’ (फाइलीतली जागा सांगणारा प्रकार) ४ बाइटचा राहतो, बाकी फाइलींत ८ बाइटचा. एखाद्या स्ट्रक्टमध्ये ‘ऑफ_टी’नंतर ‘इंट’ असेल, तर एक फाइल तो चौथ्या बाइटपासून वाचते आणि दुसरी आठव्यापासून. कंपायलर गप्प, लिंकरही गप्प. ६४ बिटांच्या लॅपटॉपवर हे कधीच दिसत नाही, म्हणून ‘माझ्याकडे तर चालतंय’ हे उत्तर इथे कवडीमोलाचं. याच कारणासाठी ‘एसी_यूज_सिस्टम_एक्स्टेन्शन्स’ कॉन्फिगर.एसीमध्ये ‘एसी_प्रॉग_सीसी’च्या लगेच खाली ठेवा, त्याआधी झालेल्या तपासण्या वेगळ्याच जगातल्या असतात.

शेल आणि मेकबद्दल थोडक्यात. डेबियन-उबुंटूवर ‘/बिन/एसएच’ म्हणजे डॅश हे साधं शेल (बॅश नव्हे), त्यामुळे ‘टेस्ट’मध्ये दोन बरोबरची चिन्हं चालत नाहीत, एकच लिहा. ‘एको -एन’ऐवजी ‘प्रिंटएफ’, ‘व्हिच’ऐवजी ‘कमांड -व्ही’. ‘सेड -आय’ला मॅक आणि फ्रीबीएसडीवर प्रत्यय द्यावाच लागतो, भले तो रिकामा असो, त्या भानगडीत न पडता आउटपुट तात्पुरत्या फाइलीत घ्या आणि ‘एमव्ही’ करा. मेकफाइलमधलं ‘इफईक्यू’ फ्रीबीएसडीच्या मेकला कळत नाही. मॅकवरचं मेक जीएनयूचंच, पण ३.८१, त्यामुळे जीएनयू मेक ४.० मध्ये आलेली ‘!=’ असाइनमेंट तिथे चालत नाही. अटी कॉन्फिगरमध्ये सोडवा, मेकफाइल साधी ठेवा.

लायब्रऱ्या शोधणाऱ्या ‘पीकेजी_चेक_मॉड्यूल्स’च्या ओळीवर कॉन्फिगर शेलची सिंटॅक्स एरर देऊन पडलं, तर दोष त्या ओळीचा नसतो. ऑटोरीकॉन्फ चालवलेल्या मशीनवर ‘पीकेजी.एम४’ नव्हती, म्हणून मॅक्रो विस्तारलाच नाही. कॉन्फिगर.एसीच्या सुरुवातीला ‘एम४_पॅटर्न_फॉरबिड([^पीकेजी_])’ लिहून ठेवलं की हीच चूक ऑटोरीकॉन्फच्या वेळीच पकडली जाते. आणि ‘कॅनॉट गेस बिल्ड टाइप’ असा संदेश आला, तर ‘कॉन्फिग.गेस’ व ‘कॉन्फिग.सब’ या दोन फाइली जुन्या आहेत. रिस्क-व्ही किंवा ६४ बिट आर्म त्यांना माहीतच नाही. नव्या आणून ठेवल्या की काम होतं, बाकी कशाला हात लावावा लागत नाही.

क्रॉस-कंपाइलमध्ये (एका मशीनवर दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी बांधताना) चालवून बघायच्या तपासण्या अडतात, कारण बनलेला प्रोग्रॅम या मशीनवर चालणारच नाही. म्हणून ‘एसी_रन_इफएल्स’चं चौथं, क्रॉस-कंपाइलसाठीचं आर्ग्युमेंट कधी रिकामं सोडू नये. जुन्या ऑटोकॉन्फमधलं ‘एसी_फंक_मॅलॉक’ अशा वेळी सरळ वाईट उत्तर (‘मॅलॉक(०)’ नल परत करतं) गृहीत धरतं आणि शेवटी लिंकर ‘आरपीएल_मॅलॉक’ सापडत नाही म्हणून ओरडतो. त्या नावाचं फंक्शन तुम्ही कधी लिहिलेलंच नसतं. कॉन्फिगरच्या आज्ञेवरच ‘एसी_सीव्ही_फंक_मॅलॉक_०_नॉननल=येस’ द्या, ‘रीॲलॉक’साठीही तसंच. पण त्याआधी त्या लक्ष्य मशीनवर ‘मॅलॉक(०)’ खरंच नल परत करत नाही, एवढं एकदा बघून घ्या.