शेवटचं वाक्य

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. "एवढं पानभर लिहिता. कोण कुणाला अडवणार, कोण थकलेलं असणार, कुठे गडबड होणार, सगळं. मग कोण जिंकणार हे एक वाक्य का नाही लिहीत?" सामन्याच्या आदल्या दिवशी हे कुणी ना कुणी विचारतंच. आजही विचारलं, कारण उद्या एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमध्ये, माझ्या सॅन अँटोनियो स्पर्सची गाठ ओक्लाहोमा सिटी थंडरशी आहे आणि माझं टिपण नेहमीच्या मंडळींना अर्धं पाठवून झालंय. आजवर मी "बघू या" म्हणून विषय बदलत आले. पण परवा एकाने तोंडावर सांगितलं, "हरल्यावर खाली मान घालायला नको, म्हणून ही पळवाट आहे तुमची." ते लागलं. खोटं असतं तर इतकं लागलं नसतं, हेही मला कळतं.

पूर्वी मी ते वाक्य लिहायचे. वहीत, खाली दोन रेघा मारून.

२०१३ च्या फायनल्समध्ये, जिथे आधी चार सामने जिंकणाऱ्याला ट्रॉफी मिळते, स्पर्स मायामी हीटविरुद्ध ३-२ ने पुढे होते आणि सहावा सामना मायामीत, १८ जूनला होता. मालिका तुम्हाला पाठ आहे, ती पुन्हा सांगत नाही. त्या सामन्याआधी मी जे लिहिलं, त्यातला एक मुद्दा मात्र सांगायलाच हवा. मी लिहिलं होतं की शेवटच्या मिनिटात हीट मागे असेल तर ते थ्रीच, म्हणजे लांबच्या रेघेबाहेरून तीन गुणांचा शॉटच, मारणार. अशा वेळी स्पर्सच्या उंच टिम डंकनला बेंचवर बसवावं, चपळ माणसं ठेवावीत, प्रत्येक स्क्रीनवर (बचाव करणाऱ्याच्या वाटेत आपला गडी आडवा उभा करतात तो) स्विच करावं, म्हणजे अडवायची माणसं आपसांत बदलावीत, आणि कुणालाही मोकळा थ्री मिळू देऊ नये. त्याखाली शेवटचं वाक्य होतं: "आज संपतंय. ट्रॉफी आपली."

धाकटी बहीण माझ्यासोबत बघत होती. तिला या खेळाची गोडी माझ्या टिपणांमुळेच लागली. तिथे रात्र होती, आमच्याकडे सकाळ. तिला बाहेर पडायचं होतं आणि ती एक बूट घालून, दुसरा हातात धरून दारात उभी होती. २८.२ सेकंद उरलेले असताना स्पर्सच्या जिनोबिलीने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला. ९४-८९. कोर्टच्या कडेला माणसं पिवळा दोर घेऊन येत होती. बक्षीस समारंभाच्या वेळी प्रेक्षक आत घुसू नयेत म्हणून लावतात तो. मायामीचे कितीतरी प्रेक्षक उठून निघालेही होते. ती म्हणाली, "ताई, झालं ना?" मी म्हणाले, "झालं. तू नीघ, उशीर होईल तुला." ती म्हणाली, "लिहिलंच होतंस तू." आणि गेली.

मग हीटच्या लेब्रॉनचा थ्री चुकला. बॉल स्पर्सच्या हाती येईना, उडत उडत परत लेब्रॉनकडेच गेला आणि या वेळी आत. ९४-९२. स्पर्सच्या लेनर्डने दोनपैकी एक फ्री थ्रो घातला, ९५-९२. लेब्रॉनने पुन्हा थ्री मारला, तो चुकला. माझ्या घशातून आवाज निघाला होता, ओरडले होते मी, कारण चुकला म्हणजे संपलंच की. पण रिबाउंड, म्हणजे चुकून परत उडालेला बॉल, हीटच्या बॉशने घेतला. डंकन बेंचवर होता. हीटचा रे ॲलन मागे मागे सरकत उजव्या कोपऱ्यात गेला. मधोमध थ्रीची रेघ बास्केटपासून २३ फूट ९ इंचांवर असते, कोपऱ्यात फक्त २२ फुटांवर. आणि तिथे ती रेघ आणि बाहेरची रेघ यांच्यामध्ये जेमतेम तीन फुटांची पट्टी असते. त्या पट्टीत ॲलनचे दोन्ही पाय पडले, खाली न बघता. पाच सेकंद आणि थोडंसं काही उरलं होतं. ९५-९५. पंच त्याच्या पायांचं फुटेज तपासत होते आणि मी माझ्या वहीतलं पान शोधत होते. का शोधत होते कुणास ठाऊक. ओव्हरटाइममध्ये १०३-१०० ने गेला सामना. सातवाही गेला.

संध्याकाळी बहीण आली. तिला निकाल कळलेला होता. ती रागावली नाही. "तू लिहिलं होतंस ना पण," एवढंच म्हणाली. खरंच गोंधळून विचारत होती ती. निघताना आणि परत आल्यावर, वाक्य जवळजवळ एकच होतं.

नंतर कितीतरी वर्षं मी एकच बाजू लढवत होते. डंकनला बसवण्यावरून लोक स्पर्सचा तेव्हाचा कोच पॉपोविच याच्यावर तुटून पडायचे आणि मी त्याच्या बाजूने उभी राहायचे. लेब्रॉनचा थ्री चुकला की नाही? चुकला. मग डाव बरोबरच होता, नशीब फिरलं. पॉपोविचचा बचाव करता करता मी माझ्या टिपणाचाच बचाव करत होते हे मला दिसत नव्हतं. त्या रात्री डंकनचे १७ रिबाउंड होते. तो असता तर बॉशच्या आधी त्याने बॉल घेतला असता का? कुणालाच सांगता येणार नाही. तो असता तर बाहेर धावताना कमी पडला असता आणि थ्री आधीच बसला असता, असंही होऊ शकतं. हा वाद मी आजही घालीन आणि आजही मला डाव चुकीचा वाटत नाही.

मला सलतं ते वेगळंच. माझ्या टिपणात रिबाउंडचा शब्दसुद्धा नव्हता. थ्री अडवायचा हे लिहिलं. तो चुकल्यावर बॉल कुणाचा, हे लिहिलं नाही. ज्या मुलीने महिनाभर टिपणांमधून एकच गोष्ट घोकली होती की शॉट चुकला म्हणजे बचाव संपला असं नाही, बॉल हातात आल्यावरच संपतो, तीच मी. मग तिथेच का थांबले? कारण खालचं वाक्य आधी ठरलं होतं. ट्रॉफी आपली, हे मनात लिहून झालं होतं, आणि वरचा सगळा मजकूर त्या वाक्याकडे न्यायचा म्हणून लिहिला होता. वाटेत जे त्या वाक्याच्या आड येत होतं ते मी बघितलंच नाही. म्हणून ते वाक्य सोडलं.

आता तुम्ही म्हणाल, सोडलंत, मग टिपणं सुधारली का? २०१४ ला पुन्हा तेच दोन संघ आले. मी शेवटचं वाक्य लिहिलं नाही. पहिल्या सामन्यात सॅन अँटोनियोच्या अरीनातला एसी बंद पडला, त्या उकाड्यात लेब्रॉनच्या पायात गोळे आले आणि चौथ्या क्वार्टरमध्ये त्याला बाहेर जावं लागलं. माझ्या पानभर मजकुरात यातलं काही असायचं कारणच नव्हतं. स्पर्स मालिका ४-१ ने जिंकले. तेव्हा मैत्रीण म्हणाली, "तू लिहिलं नाहीस म्हणून जिंकले, आता कधीच लिहू नकोस." मी हसण्यावारी नेलं. पण आज हात पुढे सरकत नाही, त्यात तिच्या त्या बोलण्याचाही वाटा असेल. नाही असं छातीठोक सांगू शकत नाही. पळवाट म्हणणाऱ्या माणसालाही पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. चुकायची भीती आहेच. बहिणीने पुन्हा तसं विचारू नये, ही तर फारच आहे.

बहीण हल्ली माझं टिपण वाचून स्वतःचा अंदाज कळवते, बेधडक. चुकला की दुसऱ्या दिवशी नवा. तिला त्याचं काही वाटत नाही. मग मी एवढं का धरून बसलेय, हेही मला नीट सांगता येत नाही.

उद्याचं जे पाठवलंय त्यात थोडी भर घालते. थंडरचा शे गिल्जस-अलेक्झांडर स्क्रीनच्या मागून येईल तेव्हा स्पर्सचा गार्ड कुठे आहे याच्याआधी त्यांचा उंच वेम्बन्यामा कुठे उभा आहे ते बघा. तो बास्केटखाली राहिला तर सव्वासात फुटांहून उंच माणसासमोर कुणी सहज आत घुसणार नाही, पण शेला पंधरा फुटांवरचा थांबून मारायचा शॉट मोकळा मिळेल, आणि तो त्याचा आवडता शॉट आहे. वेम्बन्यामा पुढे सरसावला तर तो शॉट अडेल, पण मग त्याच्या पाठीमागे बास्केटखाली स्पर्सचं कुणीच नसेल. तेव्हा शॉट मारताना शेकडे बघू नका. पहिल्या क्वार्टरमध्ये एवढंच करा. शॉट सुटला की नजर खाली आणा आणि थंडरचा उंच माणूस कुणाच्या अंगाला अंग लावून अडवलेला आहे, की मोकळाच आत शिरतोय, ते पाहा. स्पर्सचा गार्ड कॅसल मागे फिरून अंग लावतो की बॉलकडे बघत उभा राहतो, तेही.

दुखापतींची यादी अजून यायची आहे. ती आली की उरलेलं पाठवते.