तक्रार द्यायची नसेल, तरी दवाखान्यात जाता येते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत बचत गटाची बैठक असो, आशा ताईंचे प्रशिक्षण असो की महाविद्यालयातले व्याख्यान असो, सगळ्यांसमोर हा प्रश्न कोणी विचारत नाही. कार्यक्रम संपला, खुर्च्या उचलायला सुरुवात झाली, की कोणीतरी जवळ येते आणि 'आमच्या ओळखीतल्या एका मुलीसाठी' विचारते: तिच्यावर अत्याचार झाला आहे, घरच्यांना पोलिसात जायचे नाही किंवा अजून काही ठरत नाही, तर तिला आधी दवाखान्यात नेता येईल का, की तिथे पोलिसांचा कागद मागतील? लैंगिक अत्याचारानंतरच्या मदतीविषयी मी समुपदेशक म्हणून जे काही बोलते, त्यातला निम्मा भाग या एका प्रश्नाचे उत्तर असतो.

उत्तर असे, की नेता येते, आणि आधी दवाखान्यातच न्यावे. बलात्कारानंतर आलेल्या व्यक्तीला सरकारी असो वा खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने तत्काळ आणि विनामूल्य उपचार दिलेच पाहिजेत, असे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ३९७ सांगते. हा नियम नवा नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तो जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत आला होता आणि १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत तसाच पुढे चालू आहे. उपचार नाकारणाऱ्या रुग्णालयाच्या प्रमुखाला भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंतचा तुरुंगवास होऊ शकतो. तालुक्याच्या ठिकाणी अजूनही 'ही पोलीस केस आहे, आधी ठाण्यात जाऊन या' असे सांगून माणसे परत पाठवली जातात, तेव्हा कलमाचा हा क्रमांक कागदावर लिहून सोबत ठेवलेला बरा. वाद घालायची गरज नसते. क्रमांक माहीत असलेल्या माणसाशी समोरचा बहुधा वेगळे बोलतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण अर्धवट सांगितले तर नंतर विश्वास उडतो. रुग्णालयाने उपचार द्यावेत आणि पोलिसांनाही कळवावे, असे तेच कलम ३९७ म्हणते. त्यामुळे 'दवाखान्यात गेलो तर पोलिसांना अजिबात कळणार नाही' असे आश्वासन मी कोणालाच देत नाही. परंतु पोलिसांना कळणे आणि बाईने तक्रार देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार उपचार, न्यायवैद्यक तपासणी, नमुने घेणे आणि पोलिसांना माहिती देणे या प्रत्येक गोष्टीसाठी तिची संमती स्वतंत्रपणे विचारायची असते. एकीला हो आणि दुसरीला नाही म्हणण्याचा तिला अधिकार आहे. प्रौढ बाईला पोलिसात काही सांगायचे नसेल, तर डॉक्टरांनी तिचा नकार, तिला सगळे समजावून दिल्यानंतरचा नकार म्हणून, कागदावर नोंदवायचा आणि उपचार पूर्ण करायचे. नकार दिला म्हणून औषध थांबत नाही, आणि आज नकार दिला म्हणून उद्याच्या तक्रारीचा मार्गही बंद होत नाही.

आधी दवाखान्यात जा असे मी म्हणते, त्याचे कारण तासांचा हिशेब आहे. नको असलेली गर्भधारणा टाळणारी गोळी ७२ तासांच्या आत आणि जितकी लवकर घ्यावी तितकी उपयोगी पडते. एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधेसुद्धा ७२ तासांच्या आतच सुरू व्हावी लागतात आणि ती पुढे २८ दिवस घ्यावी लागतात. शरीरावरचे नमुने साधारण ९६ तासांपर्यंत मिळू शकतात, पण प्रत्येक तासागणिक त्यांची शक्यता कमी होत जाते. आता हा हिशेब सातपुड्यात नेऊन पाहा. धडगाव किंवा मोलगीच्या आसपासच्या पाड्यावरून निघायचे, गाडी मिळेपर्यंत थांबायचे, ग्रामीण रुग्णालयात पोहोचायचे, तिथून 'नंदुरबारला न्या' असे ऐकायचे. आणि त्याआधी घरातल्या चार माणसांची एक रात्र 'करायचे काय' यावर गेलेली असायची. तीन दिवस असे जातात, की ते गेल्याचे कळतही नाही. पोलिसात जायचे की नाही याचा विचार आठवडाभर करता येतो, गोळीचा करता येत नाही. म्हणून निर्णय झाला नसेल तेव्हाच दवाखान्याची घाई करावी.

जाण्यापूर्वी अंघोळ करू नये आणि कपडे धुऊ नयेत. अंगावरचे कपडे बदलले असतील तर ते प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदात गुंडाळून सोबत न्यावेत, कारण प्लास्टिकमध्ये ओल धरते आणि नमुना खराब होतो. मात्र अंघोळ झालेली असेल, कपडे धुतलेले असतील, तरीही जावे. बहुतेक जणी अंघोळ करतातच, आणि 'आता काय उपयोग' असे म्हणून घरी बसतात. उपचार तर कपड्यांवर अवलंबून नसतात.

तपासणी कशी होते, याची भीती फार मोठी असते आणि ती निराधार नाही. पूर्वी ज्या पद्धतीने दोन बोटांची चाचणी करून बाईला शरीरसंबंधांची 'सवय' आहे का, हे लिहिले जाई, ती अपमानास्पद होती आणि वैद्यकीयदृष्ट्या निरर्थकही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिला नाकारले आणि ३१ ऑक्टोबर २०२२ च्या निकालात तर अशी चाचणी करणारी व्यक्ती गैरवर्तनाबद्दल दोषी धरली जाईल, असे स्पष्ट केले. तपासणी संमतीशिवाय कायदेशीर ठरत नाही, आणि ती मधेच थांबवायला सांगता येते. मुलगी अठरा वर्षांखालची असेल, तर तिची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची आणि त्या वेळी आईवडील किंवा तिचा विश्वास असलेले माणूस तिच्याजवळ असायचे, असा नियम आहे. जखमा दिसल्या नाहीत, म्हणजे काही घडले नाही, असा अर्थ कोणत्याही डॉक्टरने काढायचा नसतो. भीतीने गोठून गेलेल्या शरीरावर ओरखडा नसतो, हे वैद्यकशास्त्राला ठाऊक आहे. गावाला अजून पटवावे लागते.

अठरा वर्षांखालच्या मुलामुलींच्या बाबतीत मात्र वरचे स्वातंत्र्य नाही. २०१२ च्या पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अत्याचाराची माहिती असलेल्या कोणीही, शिक्षक असो, डॉक्टर असो की शेजारी, ती पोलिसांना कळवलीच पाहिजे. न कळवणे हा गुन्हा आहे. हा नियम का केला, हे मला समजते, कारण लहान मुलांवरचे अत्याचार घरातच दाबले जातात आणि दाबणारे बहुधा घरचेच असतात. तरीही त्याची दुसरी बाजू मी आमच्या भागात रोज पाहते. सोळा-सतरा वर्षांची मुलगी, मर्जीने पळून गेलेली किंवा लवकर लग्न झालेली, गर्भवती राहते आणि डॉक्टर पोलिसांना कळवतील या धास्तीने दवाखान्याऐवजी गावठी उपायांकडे वळते. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२ मध्ये, संमतीच्या संबंधातून गर्भ राहिलेल्या अल्पवयीन मुलीच्या गर्भपाताच्या वेळी मुलीने आणि पालकांनी विनंती केल्यास डॉक्टरने पोलिसांना द्यायच्या माहितीत तिचे नाव उघड करण्याची गरज नाही, असे म्हटले, त्याने थोडी वाट मोकळी झाली. ही गोष्ट तालुक्याच्या किती डॉक्टरांपर्यंत पोहोचली, याविषयी मला शंका आहे. गर्भपाताचा कायदा, २०२१ च्या दुरुस्तीनंतर, बलात्कारातून राहिलेला गर्भ आणि अल्पवयीन मुलगी या दोन्ही स्थितींत २४ आठवड्यांपर्यंत परवानगी देतो. त्यामुळे 'आता उशीर झाला' हे वाक्य डॉक्टरांखेरीज कोणाकडूनही ऐकून घेऊ नये.

तक्रार द्यायचे ठरले, तर हद्दीचा प्रश्न येऊ देऊ नये. आपल्याकडे तो फार येतो. नवापूर रेल्वे स्थानकाचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे, हे आपण गमतीने सांगतो; पण ऊसतोडीला बारडोली-सुरतेकडे गेलेल्या बाईवर फडात अत्याचार झाला आणि ती मुकादमाच्या नजरेतून सुटून गावी परतली, की तिच्यासाठी ही सीमा गमतीची राहत नाही. 'गुन्हा तिकडे घडला, तिकडे जा' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही ठाण्याला नाही. घटना कुठेही घडलेली असो, समोर आलेल्या ठाण्याने गुन्हा शून्य क्रमांकाने नोंदवायचा आणि मग तो योग्य ठाण्याकडे पाठवायचा, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलेले आहे. माहिती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. पुढचा जबाबही शक्यतो महिला अधिकाऱ्याने, घरी किंवा तिला सोयीच्या जागी घ्यायचा. आणि पहिल्या माहिती अहवालाची, म्हणजे एफआयआरची, प्रत तिला विनामूल्य द्यायची. बाई पावरी किंवा अहिराणी बोलत असेल, तर लिहिलेले तिला तिच्या बोलीत वाचून दाखवल्याखेरीज अंगठा उठवू देऊ नये. जबाब लिहिणाऱ्याच्या मराठीत एखादे क्रियापद बदलले, तर उलटतपासणीत त्याचा जाब तिलाच विचारला जातो.

'लोके काय म्हंतीन' ही भीती खान्देशात इतरांपेक्षा जास्त आहे असे नाही, पण तिला येथे एक इतिहास आहे. १९९४ मध्ये जळगावात उघडकीस आलेले प्रकरण, ज्यात मुलींना छायाचित्रांच्या धमकीने अडकवले जात होते, माझ्या पिढीच्या बायकांनी तेव्हा वर्तमानपत्रात वाचले. पुढे येऊन बोलणाऱ्या मुली फार थोड्या होत्या, आणि शहराची चर्चा आरोपींपेक्षा 'मुली कोणाच्या' याचीच जास्त झाली. आज पीडितेची ओळख छापणे किंवा पसरवणे हा गुन्हा आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नाव पुढे ढकलणाराही त्यात येतो. खटला बंद दाराआड चालतो. हे घरच्यांना सांगितले, की त्यांचा खांदा थोडा सैल होतो, एवढे मी पाहिले आहे.

पैशांविषयी विचारायला लोकांना संकोच वाटतो, तो वाटू नये. राज्याच्या २०१३ पासूनच्या मनोधैर्य योजनेत दहा लाख रुपयांपर्यंत अर्थसाहाय्य मिळू शकते. गुन्हा नोंद झाल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण त्याचा निर्णय घेते. पीडिता अनुसूचित जाती वा जमातीची आणि आरोपी त्याबाहेरचा असेल, तर अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या नियमांनुसार बलात्कारासाठी पाच लाख रुपयांचे साहाय्य आहे, त्यातले निम्मे वैद्यकीय तपासणी व तिच्या अहवालानंतरच द्यायचे असते. सर्व महिलांना, उत्पन्न कितीही असो, वकील मोफत मिळतो. त्यासाठी १५१०० हा क्रमांक आहे. गावातली चार माणसे बसून दंड ठरवतात आणि मिटवतात, त्या रकमेला कायद्यात काही किंमत नाही, कारण हा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. आणि त्या रकमेतले बाईच्या हातात किती पडते, हे सर्वांना ठाऊक असते.

हे सगळे एका ठिकाणी मिळावे म्हणून २०१५ पासून 'सखी' वन स्टॉप सेंटर आहेत: दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन, आणि पाच दिवसांपर्यंतचा निवारा. १८१ वर फोन केला तर तिथपर्यंत पोहोचता येते. तातडीला ११२, मुलांसाठी १०९८. केंद्राचा दर्जा जिल्ह्यागणिक आणि तिथे त्या दिवशी कामावर असलेल्या बाईगणिक बदलतो, हे मी लपवत नाही. तरी एकटीने दारोदार फिरण्यापेक्षा ते बरे.

पहिल्या दिवशी सोबत जायला माणसे मिळतात. सहा आठवड्यांनी आणि तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी पुन्हा करायची असते, २८ दिवसांची औषधे मळमळ होऊनही चालू ठेवायची असतात, झोप लागत नसेल तर मानसोपचार तज्ज्ञाकडे जायचे असते, आणि त्या फेऱ्यांना बसभाडे, रोज बुडण्याची चिंता, पोरे सांभाळणारे कोणी, हे सगळे लागते. म्हणून मला कोणी विचारले, 'आम्ही काय करू शकतो?', तर मी पुढच्या तारखेला तिच्याबरोबर कोण जाणार, एवढेच आधी विचारते आणि त्याचे नाव तिथल्या तिथे लिहून घेते.